बेबाकी दाखला

मृग जवळ आला की आमच्या घरात एका कागदामागची धावपळ सुरू व्हायची. वडिलांना बँकेकडून पीककर्ज हवं असलं तर आधी गावच्या विकास सोसायटीचा, मग आजूबाजूच्या बँकांचा बेबाकी दाखला आणावा लागे. ‘सदर खातेदाराकडे आमचे काही येणे बाकी नाही’ एवढी एक ओळ, खाली सही आणि गोल शिक्का. सचिव जागेवर असले तर रजिस्टर कपाटात, रजिस्टर हाताशी असलं तर शिक्का तालुक्याला गेलेला. चार-पाच चकरा ठरलेल्या. आणि जुनी थकबाकी निघाली, अगदी शे-दोनशे रुपयांची, तरी नव्या दारात पाऊल ठेवायची सोय नव्हती.

खान्देशातल्या कुठल्याही पुढाऱ्याच्या गळ्यात नव्या पक्षाचा गमछा पडलेला फोटो बघितला की मला वडिलांची ती पायपीट आठवते. कोरडवाहू शेतकऱ्याला एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जाताना जुनं खातं निल करून जावं लागतं. ज्याच्या हातात जिल्ह्याची नगरपालिका, बँक, कारखाना आणि कोट्यवधींचा निधी होता, तो एका पक्षातून दुसऱ्यात जातो तेव्हा त्याला कुणी कसलाच कागद मागत नाही.

पक्ष बदलणं हेच मुळात पाप आहे, असं मी म्हणत नाही. विचार बदलतो, अपमान होतो, पक्षच आपली वाट सोडतो. अशा वेळी बाहेर पडणं कधीकधी प्रामाणिकपणाचंच असतं. माझी तक्रार वेगळी आहे. आमच्याकडे पक्ष बदलला की मागचं येणं बुडतं. जुना पक्ष म्हणतो, ते आता आमचे नाहीत. नवा पक्ष म्हणतो, ते तेव्हा आमचे नव्हते. मधल्या फटीत लोकांचा हिशेब पडतो आणि दिसेनासा होतो.

जळगावचे सुरेशदादा जैन यांची कारकीर्द या दृष्टीने नीट बघायला हवी. १९८० पासून २०१४ पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षं, ते या शहराचे आमदार होते. सुरुवात काँग्रेसच्या घरातून, मग शिवसेना, मग राष्ट्रवादी, आणि पुन्हा शिवसेना. युतीच्या सरकारात ते मंत्री होते, आघाडीच्या सरकारातही होते. चिन्ह कोणतंही असो, शहर दादांना मत देत राहिलं. त्यांच्या कामाचा झपाटा मोठा होता, हे त्यांचे विरोधकही नाकारत नाहीत. नगरपालिकेची सतरा मजली इमारत आजही गावाबाहेरून दिसते. तालुक्याच्या गावांत अजून कौलारू कचेऱ्या होत्या तेव्हा जळगावने ती उभी केली. त्या इमारतीचा लोकांना वाटणारा अभिमान खोटा नव्हता, आणि दादांवरची माया विकतची होती असंही मी कधी म्हणणार नाही.

पण २००३ साली काय घडलं ते बघा. अण्णा हजारे यांनी राष्ट्रवादीच्या चार मंत्र्यांवर भ्रष्टाचाराचे आरोप केले. चारांपैकी दोघे खान्देशचे होते, जळगावचे सुरेश जैन आणि नंदुरबारचे डॉ. विजयकुमार गावित. जैन यांनी हजाऱ्यांच्या विरोधात स्वतःही उपोषण केलं. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा आयोग नेमला गेला आणि २००५ मध्ये त्याचा अहवाल आला. त्यात जैन यांच्यासह तीन मंत्र्यांवर ठपका होता, डॉ. गावितांवर नव्हता. हजारे यांच्या संस्थेच्या कारभारावरही आयोगाने बोट ठेवलं होतं. अहवाल बरोबर की चूक हा वाद वेगळा. जैन २००४ ची निवडणूक राष्ट्रवादीकडून जिंकले होते, २००९ ची जिंकले ती शिवसेनेच्या धनुष्यबाणावर. मग त्या अहवालाबद्दल जळगावच्या मतदाराने कुणाला विचारायचं होतं? ज्या पक्षाचे मंत्री असताना ठपका आला तो पक्ष आता समोरच्या बाजूला उभा, आणि ज्या पक्षाने उमेदवारी दिली त्याच्या वहीत या प्रकरणाचं पानच नाही. ठपका खरा असेल तर शहराचं नुकसान झालं आणि खोटा असेल तर जैन यांचं. दोन्ही बाजूंनी त्याची चर्चा व्हायला हवी होती. निवडणुकीत ती व्हायला जागाच उरली नाही.

घरकुलांचं तसंच. नगरपालिकेच्या काळात गरिबांसाठी अकरा हजारांवर घरकुलांची योजना आखली गेली. लोकांना मिळाली ती जेमतेम दीड हजार. २००६ मध्ये तेव्हाचे आयुक्त प्रवीण गेडाम यांनी फिर्याद दिली, २०१२ मध्ये जैन यांना अटक झाली, आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवलं. जैन यांना सात वर्षांची शिक्षा आणि शंभर कोटींचा दंड झाला. पुढे अपील झालं, उच्च न्यायालयातून जामीनही मिळाला. गुन्ह्याचा शेवटचा निवाडा वरचं न्यायालय करेल, तो माझ्या लेखाचा विषय नाही. माझं लक्ष त्या ४८ नावांवर जातं. त्यात पुढे वेगवेगळ्या पक्षांत विखुरलेले आजी-माजी नगरसेवक होते, राष्ट्रवादीचे माजी मंत्री गुलाबराव देवकरही होते. शहरातले काही जागरूक लोक ओरडत होते, पण फिर्याद द्यायला आयुक्त लागला. एखाद्या विरोधी पक्षाने हा प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला, गल्लीगल्लीत नेला आणि त्यावर निवडणूक लढवली, असं झालं नाही. तसं करणारा पक्ष शहरात वाढणार तरी कसा होता? दादा ज्या पक्षात जात, तो पक्ष रातोरात सत्ताधारी होई. ज्याला सोडून जात, त्याच्या कार्यालयाला कुलूप लागे. चार पाच वर्षं घाम गाळून कुणी जरा पाय रोवावेत, तर दादाच त्या पक्षात दाखल व्हायचे. विरोध करणारा एक तर पाहुणा व्हायचा किंवा घरी बसायचा.

सतत पक्ष बदलणाऱ्या मोठ्या नेत्यामुळे होणारं खरं नुकसान मला इथे दिसतं. निष्ठा वगैरे पुढची गोष्ट. त्या गावात विरोधी पक्ष नावाचं झाडच रुजत नाही.

ही सवय पुढे महापालिकेतही उतरली. २०१८ च्या निवडणुकीत जळगावकरांनी ७५ पैकी ५७ जागा भाजपला दिल्या, शिवसेनेला १५ आणि एमआयएमला ३. एवढं स्वच्छ बहुमत या शहराने क्वचितच कुणाला दिलं असेल. मार्च २०२१ मध्ये भाजपचे २७ नगरसेवक पलीकडे गेले आणि ४५ विरुद्ध ३० मतांनी शिवसेनेचा महापौर झाला. त्या अडीच वर्षांत रस्ते खोदलेले होते, धूळ नाकातोंडात जात होती आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवत होता. मत दिलं एकाला, कारभार केला दुसऱ्याने, आणि जाब विचारायला गेलं तर दोघेही म्हणणार, आमच्या काळातलं नाही ते.

यावर लगेच म्हटलं जाईल की मग निष्ठावंत निवडून द्या. मलाही काही काळ तेच उत्तर वाटायचं. पण नंदुरबारकडे बघितलं की ते टिकत नाही. माणिकराव गावित सलग नऊ वेळा काँग्रेसचे खासदार झाले. एवढी वर्षं एका पक्षात, एका मतदारसंघात, साधेपणाने राहिलेला माणूस विरळाच. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही तेवढ्या वर्षांनी, २०१८ मध्ये देशातल्या मागास जिल्ह्यांची यादी निघाली तेव्हा नंदुरबार त्यात होतंच. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवरचं कुपोषण, बाळंतिणीला झोळीत घालून दवाखान्यापर्यंत आणणं, उसतोडीला आणि गुजरातला होणारं स्थलांतर, यातलं काहीच एकनिष्ठेने मिटलं नाही. हिशेब मागणारं कुणी समोर उभंच नसेल तर एकनिष्ठ माणसाच्या राज्यातही प्रश्न पडून राहतात. २०१४ च्या त्याच वर्षात माणिकरावही हरले आणि जळगावात तुरुंगातून उभे राहिलेले सुरेशदादाही हरले. एकाने पक्ष कधी सोडला नाही, दुसऱ्याने अनेकदा सोडला. दोघांनाही लोकांनी तीस-पस्तीस वर्षांनी, एकदमच घरी बसवलं. मधल्या काळात थोडं थोडं विचारण्याची सोयच नव्हती.

माणिकरावांना हरवणाऱ्या डॉ. हीना गावित भाजपच्या होत्या, त्यांचे वडील डॉ. विजयकुमार गावित तोवर राष्ट्रवादीचे मंत्री. पुढे वडीलही भाजपमध्ये आले. २०१९ मध्ये माणिकरावांचे चिरंजीवही भाजपकडून नवापुरात उभे राहिले. आणि २०२४ च्या विधानसभेला डॉ. गावितांच्या एकाच घरातले चौघे चार मतदारसंघांत होते: ते स्वतः नंदुरबारमध्ये भाजपकडून, एक भाऊ शहाद्यात काँग्रेसकडून, दुसरे भाऊ आणि कन्या अपक्ष. मुक्ताईनगरच्या खडसे घरातही सून भाजपची केंद्रीय राज्यमंत्री आणि मुलगी शरद पवारांच्या पक्षात. एकनाथराव खडसे यांचं पक्षांतर मात्र मी वेगळं मोजतो. जवळजवळ चार दशकं एका पक्षात काढून, तो पक्ष खेडोपाडी नेऊन, मंत्रिपद गेल्यावर आणि उमेदवारी नाकारली गेल्यावर त्यांनी २०२० मध्ये तो सोडला, आणि का सोडला ते उघड सांगितलं. पटो न पटो, कारण तरी लोकांसमोर मांडलं गेलं. २०२४ मध्ये परत जाण्याची भाषा आली तेव्हा मात्र आधीच्या कारणांचं काय झालं हे कळलं नाही, आणि नाथाभाऊंवर जीव टाकणाऱ्या माणसांनाही ते कळायला हवं होतं.

आता सगळ्यात वजनदार मुद्दा. लोकांनाच हे मान्य आहे, मग तुम्ही कोण? जून २०२२ मध्ये जळगाव जिल्ह्यातले शिवसेनेचे चार आमदार आणि मुक्ताईनगरचे अपक्ष असे पाच जण एकनाथ शिंदे यांच्या बंडात गुवाहाटीला गेले. गुलाबराव पाटील आधीच्या सरकारात पाणीपुरवठा मंत्री होते, नव्या सरकारातही तेच खातं त्यांच्याकडे आलं. २०२३ मध्ये अमळनेरचे अनिल पाटील अजित पवारांबरोबर गेले आणि मंत्री झाले. २०२४ मध्ये या सहाही जागा त्याच बाजूला राहिल्या, कुठे स्वतः आमदार, कुठे मुलगा, कुठे पती. जिल्ह्यातल्या अकराच्या अकरा जागा महायुतीला मिळाल्या. याहून स्पष्ट कौल कुठला?

मी हा कौल मान्य करतो. मतदार भोळा आहे किंवा विकला गेला, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. पारावर बसलेला म्हातारा ‘पक्ष गया चुलामा, मानूस आपला शे’ म्हणतो तेव्हा त्यामागे अनुभव असतो. विजेची जळालेली डीपी बदलून हवी, विहिरीचं अनुदान अडलंय, पोराची बदली करायचीय, तर सत्तेतला आमदारच कामी येतो हे त्याने चाळीस वर्षं बघितलंय. विरोधातल्या आमदाराला निधी मिळत नाही हे गावातल्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून आमदार सत्तेकडे गेला की लोक सुटकेचा श्वास टाकतात. पण मुळात निधी हा पक्ष बघून मिळतो, हा अन्याय आपण गृहीत धरून टाकला आहे. नेत्याने उडी मारून तो अन्याय आपल्यापुरता सोडवला, एवढ्यावर आपण खूश. शेजारच्या तालुक्यातला आमदार विरोधात असेल तर त्याच्या वाट्याचं पाणी, रस्ता, ट्रान्सफॉर्मर गेला, तो का गेला हे आपण विचारत नाही.

आणि सत्तेत गेल्याने कामं होतात हे तरी कितपत खरं? माझा तालुका अमळनेर. तापीवर पाडळसऱ्याला निम्न तापी प्रकल्पाचं धरण उभं राहतंय, दोन दशकांहून जास्त काळ उभंच राहतंय. २०१४ मध्ये अमळनेरात अनिल पाटील भाजपचे उमेदवार होते आणि शिरीष चौधरी अपक्ष. चौधरी जिंकले. २०१९ मध्ये चौधरी भाजपचे उमेदवार झाले आणि पाटील राष्ट्रवादीचे. पाटील जिंकले, आणि पुढे सत्तेत गेले. त्याआधी या तालुक्याने भाजपचे आमदार बघितले, २००९ मध्येही अपक्ष बघितला. म्हणजे तालुक्याने सगळं करून पाहिलं: सत्तेतला, विरोधातला, अपक्ष, अपक्षाचा पक्षवाला झालेला. प्रत्येक निवडणुकीत पाडळसऱ्याचा नारळ भाषणात फुटला, निधीच्या घोषणा झाल्या. उन्हाळ्यात नदीचं पात्र कोरडं पडतं, कापूस आभाळाच्या भरवशावर लावला जातो. चेहरे तेच, चिन्हांची अदलाबदल, आणि धरणाला लागलेला उशीर नेमका कुणाच्या खात्यावर टाकायचा हे कुणालाच सांगता येत नाही. मला राग येतो तो याचा.

शिरपूरचं उदाहरण माझ्या म्हणण्याच्या विरोधात जातं, म्हणून ते टाळणं बरं नाही. अमरीशभाई पटेल यांनी काँग्रेसमध्ये असताना शिरपूर शहर आणि तिथल्या शिक्षणसंस्था उभ्या केल्या. त्यांच्या पाठबळाने भूजलतज्ज्ञ सुरेश खानापूरकरांनी नाले खोल करून बंधारे बांधण्याचं जे काम केलं, ते ‘शिरपूर पॅटर्न’ म्हणून राज्यभर गाजलं. २०१९ मध्ये भाई भाजपमध्ये गेले. बंधाऱ्यात पाणी तसंच साठतंय. मग पक्षाचं काय घेऊन बसलात, असं शिरपूरकर विचारतील आणि त्यांना विचारायचा हक्क आहे. मी एवढंच म्हणेन की जिथे काम डोळ्यांनी दिसतं, मोजता येतं, तिथे हिशेब आपोआपच दिला जातो. तिथे बेबाकी दाखला द्यायला काहीच अवघड नाही. आणि असं काम केलेल्या माणसालाही सत्तेच्या पक्षात जावंसं वाटलं, ही गोष्ट त्या माणसापेक्षा आपल्या राज्यव्यवस्थेबद्दल जास्त सांगते.

या सगळ्यात एका माणसाचं नाव कुठेच येत नाही, कार्यकर्त्याचं. आमच्या गावातला एक जण, नाव लिहीत नाही. कापसाच्या भावासाठी रास्ता रोको झाला तेव्हा नेत्याच्या पुढे तोच बसला होता. गुन्हा दाखल झाला. दोनच वर्षांत नेता त्या पक्षात गेला ज्याच्या सरकारविरुद्ध तो रास्ता रोको होता. नेत्याला पद मिळालं, हा अजून तालुक्याच्या कोर्टात तारखेला जातो, मजुरी बुडवून, एसटीचं तिकीट स्वतः काढून. ज्या शेजाऱ्याशी त्याने पक्षापायी बोलणं तोडलं होतं, तो शेजारी आता त्याच्याच पक्षात आहे. दोघांच्या ओट्यांमध्ये दहा फुटांचं अंतर, बोलणं अजून सुरू झालेलं नाही. लोक त्याला गमतीने विचारतात, ‘भाऊ, आते कथा?’ म्हणजे आता कुठे? तो हसून टाकतो. मला ते हसणं बघवत नाही.

कायदा आहे, पण तो कुणाच्या हातात आहे ते बघा. १९८५ मध्ये राज्यघटनेत पक्षांतरबंदीचं दहावं परिशिष्ट आलं. एक तृतीयांश फुटले तर चालतं ही पळवाट २००३ मध्ये बंद झाली. पण दोन तृतीयांशांचं विलीनीकरण अजून शिल्लक आहे आणि अपात्रतेचा निर्णय सभागृहाच्या अध्यक्षांकडे आहे, जे स्वतः सहसा सत्ताधारी पक्षाचेच. २०२२ च्या जूनमध्ये सुरू झालेल्या शिवसेनेच्या वादात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ११ मे २०२३ ला आला आणि अध्यक्षांचा निर्णय १० जानेवारी २०२४ ला. अठरा महिने गेले, कुणीही अपात्र ठरलं नाही, आणि त्याच वर्षी विधानसभेची मुदतही संपली. असे निर्णय शक्यतो तीन महिन्यांत व्हावेत आणि ते स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे द्यायचा संसदेने विचार करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्येच म्हटलं होतं. ते व्हायलाच हवं. पण जे लोक ते करू शकतात त्यांचाच त्यात तोटा आहे, म्हणून मी त्याची वाट बघत बसणार नाही.

माझी मागणी लहान आहे. प्रत्येक उमेदवार नमुना २६ चं शपथपत्र देतो. त्यावर खटले असतात, मालमत्ता असते, सरकारी देणी असतात. न्यायालयाच्या आदेशामुळेच आपल्याला हे कळू लागलं, आधी तेही कळत नव्हतं. त्यातच एक पान वाढवा. आजवर कोणत्या पक्षात कधीपासून कधीपर्यंत होतात. प्रत्येक पक्ष का सोडलात, स्वतःच्या शब्दांत. तेव्हा कोणती पदं होती. ज्या बँकेचे, कारखान्याचे, सूतगिरणीचे, पालिकेचे तुम्ही कारभारी होतात, ती संस्था तुम्ही हाती घेतली तेव्हा किती कर्जात होती आणि सोडली तेव्हा किती. मागच्या निवडणुकीत दिलेल्या शब्दांपैकी कोणते पाळले. खान्देशात बंद पडलेल्या साखर कारखान्यांची धुराडी ज्यांनी बघितली आहेत, आपल्याच ठेवीसाठी पतसंस्थेच्या पायऱ्या ज्यांनी झिजवल्या आहेत, त्यांना हे पान का हवं ते वेगळं सांगायला नको. पक्ष बदला, हवे तितके बदला, पण येताना हे पान भरून आणा.

वडिलांचे दाखले मी एका पत्र्याच्या पेटीत ठेवले आहेत. शाई उडाली आहे, शिक्के अजून वाचता येतात. पुढच्या निवडणुकीला उमेदवाराचं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावरून छापून घेणार आहे. त्याच्या मागे जोडायला एक फुलस्केप कागद मी पट्टीने आखून ठेवलाय. पाच रकाने केलेत, खाली सहीसाठी जागा सोडली आहे. मत मागायला जो कुणी दारात येईल त्याला ओट्यावर बसवीन, पाणी देईन आणि तो कागद त्याच्या पुढे ठेवीन.